साखरेच्या पोत्यात तागाचे तंतू का येतात?

प्रश्न : आमचं किराणा दुकान आहे. साखरेची ५० किलोची पोती बहुतेक प्लास्टिकची येतात, पण मधूनच एखादं तागाचं येतं आणि मग साखरेत तंतू सापडले म्हणून गिऱ्हाईक कुरकुर करतं. कारखान्यांवर तागाची सक्ती आहे म्हणे, खरं का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरंय दादा. १९८७ चा केंद्राचा कायदाच आहे तसा. सध्या धान्य १०० टक्के आणि साखर २० टक्के तागाच्या बारदानात भरायची, निर्यातीच्या साखरेला सूट. कारण सरळ आहे, प्लास्टिकचं पोतं स्वस्त पडतं, सक्ती काढली तर हुगळीकाठच्या ज्यूट मिल बंद पडतील आणि बंगाल-बिहार-आसामचा ताग पिकवणारा शेतकरी पण उघड्यावर येईल. आधी सिमेंटही यात होतं बरं का, म्हणजे इतकी बारीक पूड गोणपाटात! कंपन्या कोर्टात गेल्या, १९९६ ला सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला, पण पुढे सरकारनेच सिमेंट वगळलं.

धान्याचं ठीक आहे, तिथे बारदान मुख्यतः सरकारच घेतं. साखरेत मात्र जास्तीचा खर्च कारखान्याच्या बोकांडी, आणि तंतूंची बोलणी तुम्हाला, हे मला तरी पटत नाही. ताग कातताना मऊ करायला तेल लावतात, वास मारतो तो त्याचाच. तुम्ही पोतं उसवताना सुतळी ओढून काढा, चाकूने कापलं की तंतू जास्त पडतात, आणि साखर एकदा चाळून घ्या.