डुबिया जातीची आणि मादागास्करची फुत्कारणारी झुरळं एकाच टाकीत चालतील का?

चालतात, पण मी ठेवणार नाही. दोघांचा संकर होत नाही, मारामारीही फारशी नाही. गोची संख्येची आहे. डुबियाची पिल्लं भराभर वाढतात, लपायला ठेवलेल्या अंड्यांच्या ट्रेमधल्या फटी बळकावतात आणि फुत्कारणारी मागे पडतात. नुकतंच कात टाकलेलं झुरळ काही तास पांढरंफेक, मऊ असतं. गर्दीत प्रथिनं कमी पडली की त्यालाच कुरतडतात.

शिवाय डुबियाला गुळगुळीत काच चढता येत नाही, फुत्कारणारी थेट झाकणापर्यंत जातात. म्हणजे झाकण पक्कं हवं आणि त्याला बारीक जाळीही हवी.

फुत्कारणाऱ्यांच्याच दोन जाती मात्र अजिबात एकत्र नकोत, त्यांचा संकर होतो. रेड रनर जातीची झुरळंही वेगळीच ठेवा: पळण्यात तरबेज, अंड्यांच्या कुप्या कुठेही टाकतात, आणि घरात सुटली तर आई टाकीसकट बाहेर काढेल!

आपल्या परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत टाकी नकोच. फुत्कारणाऱ्यांना एका कोपऱ्यात ओलसर कोकोपीट द्या. डुबियाचा डबा कोरडा बरा, ओल राहिली की बुरशी येते. दोन प्लॅस्टिकचे डबे घ्या, खर्च किरकोळ आहे.