वाचक विचारतात: मातेच्या गालावरचा अश्रू

दुःखी मातेचं, म्हणजे येशूची आई मारिया हिचं, चित्र तैलरंगात काढतोय. गालावरचे अश्रू मोती चिकटवल्यासारखे दिसतात. दोनदा पुसून पुन्हा काढले, तरी तेच. (म्हापसा)

थेंब पांढऱ्या रंगाने भरताय, घोटाळा तिथेच आहे. अश्रूला स्वतःचा रंग नसतो, त्यातून गालच दिसतो. आधी त्वचेचा थर पुरता वाळू द्या. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पातळ थरालाही किमान आठवडा धरा, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याहून जास्त. बोट चिकटलं तर थांबा.

समजा उजेड डावीकडून, वरून येतोय. थेंबाचा वरचा डावा भाग गालापेक्षा किंचित गडद करा. तेलात ब्रशच्या टोकावर येईल एवढाच बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) पुरे. खालचा उजवा भाग उलट उजळ हवा, कारण थेंब भिंगासारखा उजेड तिकडे गोळा करतो. उजव्या कडेबाहेर केसाएवढी सावली. सगळ्यात शेवटी पांढऱ्याचा एकच ठिपका, तोही गडद भागात, शून्य नंबरच्या ब्रशने. ठिपका उजळ बाजूला पडला की झालाच मोती.

मात्र अश्रूंआधी भुवया तपासा. पुष्कळ चित्रांत त्या मधोमध खाली ओढलेल्या असतात, मग माता रागावलेली वाटते. दुःखात भुवयांची आतली टोकं वर चढतात. पापण्यांच्या कडा आणि नाकाचा शेंडा जरा लालसर करा. डोळ्यातला पांढरा निव्वळ पांढरा नको, त्यात करडा मिसळा. एवढं जमलं तर दोन अश्रू पुरतात.

काही चित्रांत मातेच्या छातीत एक तलवार, काहींत सात. कुठे ती मूर्च्छित, कुठे उभी. बरोबर कोणतं? (फोंडा)

तलवारी दोन्ही बरोबर. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (2:35) शिमोन नावाचा भाविक मारियेला सांगतो, तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल; ती एक. सात म्हणजे सात दुःखं: शिमोनचं भाकीत, मिसरला पलायन, बारा वर्षांचा येशू हरवणं, क्रुसाच्या वाटेवरची भेट, क्रुसावरचा मृत्यू, देह खाली उतरवणं, दफन. दुःखी मातेचा सण 15 सप्टेंबरला.

मूर्च्छेवर मात्र वाद झाला. रोजिअर व्हान डर वायडनच्या सुमारे 1435च्या चित्रात (माद्रिदचं प्रादो संग्रहालय) खाली उतरवलेल्या येशूचा देह ज्या वळणाने लोंबतो, त्याच वळणाने मारिया कोसळते. दोघांचे हात पाहा, एकाच्या हाताची दुसरीकडे जणू नक्कलच. मला यापेक्षा नेमकी मांडणी माहीत नाही. पण योहानाच्या शुभवर्तमानात (19:25) ती क्रुसाजवळ उभी आहे. याच आधारावर कायेतान या धर्मपंडिताने 1506 मध्ये मूर्च्छेच्या कल्पनेला विरोध केला. चॅपेलसाठी काढत असाल तर उभी काढा आणि आधी पाद्रींना कच्चं रेखाटन दाखवा.

मारियेला साडी नेसवली तर चालेल? (मडगाव)

सांत इस्तेवचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांनी नेसवलीच होती, त्याबद्दल टीकाही सोसली. पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन केंद्रात त्यांची चित्रं आहेत. एकच सांभाळा: डोक्यावरून घेतलेल्या पदराला चेहऱ्यालगत चकचकीत जरीकाठ नको. नजर काठावर जाते, डोळे राहून जातात.