टीएसएच अचानक खाली? केसांच्या गोळ्या घेता का?

थायरॉइडची गोळी चालू, बाळाचा विचार आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) अचानक कमी, ही तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीची मीच दिसले. थायरॉइडची गोळी जुनीच, चान्स घ्यायचं ठरलं आणि टीएसएच एकदम ०.०५! त्रास मात्र शून्य. फॉलिक ॲसिड वगैरे तुम्ही घेतच असाल, ते सोडते. केसांसाठी काही घेता का?

मी घेत होते. बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅमची गोळी. रोजची गरज ३० च्या आसपास! 'व्हिटॅमिनच तर आहे' म्हणून डॉक्टरांना सांगितलंच नाही, ही माझी घोडचूक. बऱ्याच लॅबच्या तपासणीत बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की मशीन फसतं. टीएसएच खोटंच कमी, टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) खोटंच जास्त. कागदावर मी हायपर, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त! म्हणून थायरॉइडच्या गोळीचा डोस १०० मायक्रोग्रॅमवरून ५० झाला. दोन महिन्यांनी रिपोर्ट तसाच, मग २५. इकडे मी भरदुपारी ऑफिसात पेंगतेय, पाळी लांबलेली, आणि सासूबाई म्हणतात, "मोबाइल कमी बघ."

लॅबमध्ये विचारलं, रिपोर्ट चुकला असेल का? "मॅडम, आमचं मशीन ऑटोमॅटिक आहे." बास. उपाशी आहात का हे तीनदा विचारतील, गोळ्या कुठल्या चालू आहेत हे एकदाही नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बायोटिनमुळे रिपोर्ट चुकतात याचा इशारा २०१७ मध्येच दिला होता हो!

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय काय घेता? बायोटिन बंद करून दोन आठवड्यांनी रक्त दिलं, टीएसएच १४, म्हणजे खरं तर थायरॉइड कमी पडत होतं. ते चान्स घेण्यासाठी हवं तसं २.५ च्या खाली यायला आणखी तीन महिने. एकूण सात महिने गेले, तेही चौतिशीत.

मी डॉक्टर नाही, डोस मनाने बदलू नका. पण घरातल्या झाडून सगळ्या डब्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या, केसांसाठीच्या गमी (चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या) सुद्धा. रक्त द्यायच्या आधी बायोटिन किमान दोन दिवस बंद हवं. मोठा डोस असेल तर जास्त, किती ते डॉक्टरांनाच विचारा. माझं मत विचाराल तर त्या गमी फेकाच. लोह-कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्या, मी आधी सगळं एकाच घोटात गिळायचे.

आणि दिवस गेले की त्याच आठवड्यात टीएसएच करा. माझा डोस तेव्हा १२५ करावा लागला.