लिलावातून पहिली जुनी ऑफरोड गाडी घेताना
परदेशातल्या लिलावातून लँड रोव्हरसारखी जुनी ऑफरोड गाडी घेण्याचा आपला उत्साह योग्यच आहे. मात्र बोली लावण्यापूर्वी रंगापेक्षा चासीकडे, म्हणजे गाडीच्या खालच्या मुख्य सांगाड्याकडे, लक्ष द्यावे. जुन्या लँड रोव्हरचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमचे असल्यामुळे गाडी वरून चकचकीत दिसत असतानाही खालची पोलादी चासी आतून गंजलेली असू शकते. म्हणून विक्रेत्याकडे गाडीच्या पोटाखालची, विशेषतः मागच्या आडव्या पट्टीची आणि स्प्रिंग बसवलेल्या जागांची, ताजी छायाचित्रे मागावीत. चासीवर नुकताच फासलेला जाड काळा रंग मला तरी नेहमी संशयास्पद वाटतो; त्याखाली गंज लपवलेला असू शकतो. चासी क्रमांक कागदपत्रांशी अक्षरन्‌अक्षर जुळवावा आणि आपल्या देशात तेवढ्या जुन्या गाडीच्या आयातीला परवानगी आहे का, हे आधीच तपासावे. लिलावाचे शुल्क, जहाजभाडे आणि आयातकर न धरता बोली ठरवणे ही नवख्यांची नेहमीची चूक. इंजिन बदलण्याचे बेत असतील, तर ते तूर्त बाजूला ठेवावेत.