वरणाचं पाणी पिऊन ताकद येत नाही

मागच्या अंकात वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच लागला, पार कोपरीपासून नेरुळपर्यंत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलंय तेवढं घेतलंय आणि नावं काढून टाकलीयेत. मी डाएटिशियन आहे, सर्जन नाही, त्यामुळे टाके, ड्रेन, स्कॅन ह्याबद्दल मला विचारू नका, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : मिस्टरांचं स्लीव्हचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. १३८ किलो होते, आता १२१. वजन उतरतंय पण अंगात त्राण नाही, सकाळी पलंगावरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. सासूबाई दर दोन तासांनी वरणाचं पाणी, भाताची पेज नाहीतर नारळपाणी देतात. मी काही घट्ट द्यायला गेले की "टाके तुटतील" म्हणून ओरडतात. सोमवारपासून मिस्टरांना ऐरोलीला ऑफिसला जायचंय. काय करू? – एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, आधी अंधारीचं बघू. मिस्टरांना बीपीची गोळी ऑपरेशनच्या आधीपासून चालू होती का, आणि ती अजून तेवढीच चालू आहे का? वजन असं भराभर उतरतं तेव्हा बीपी आणि शुगर दोन्ही खाली येतात, मग जुना डोस जास्त व्हायला लागतो. आजच डॉक्टरांना फोन करा, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. दुसरं कारण पाणी. दिवसाला दीड ते दोन लिटर जायला हवं आणि आता त्यांचं पोट केळ्याएवढी नळी झालंय (स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात), त्यामुळे आधीसारखा घटाघटा ग्लास संपवणं होणारच नाही. माझ्या एका पेशंटच्या बायकोने लिटरच्या बाटलीवर मार्करने रेघा मारल्या होत्या, नऊच्या रेघेपर्यंत नऊला, अकराच्या रेघेपर्यंत अकराला, आणि तो गृहस्थ ऑफिसात ती बाटली कीबोर्डशेजारी ठेवून घोट घोट घ्यायचा. करायला सोपं आहे, तुम्हीही करून बघा. लघवी गडद पिवळी दिसली की समजायचं, रेघ चुकली.

आता सासूबाई. त्यांचं चुकत नाहीये हो, आजाऱ्याला पेज आणि वरणाचं पाणी हेच आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलोय आणि पहिल्या दोनेक आठवड्यांत पातळच द्यायचं असतं, तेव्हा ते बरोबरच होतं. घोळ असा झालाय की तो टप्पा संपला हे घरात कोणी सांगितलंच नाही. पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, मग साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं, असं पुढे सरकायचं असतं, पाचव्या आठवड्याला बहुतेक जण मऊ जेवणावर येतात. तुमच्या सर्जनने दिलेला कागद काढा आणि सासूबाईंना वाचून दाखवा, सुनेने सांगितलं तर भांडण होतं, डॉक्टरांच्या कागदाशी कोणी भांडत नाही.

वरणाच्या पाण्यात डाळीचं काय असतं, रंग आणि हिंग. ताकद डाळीत आहे आणि डाळ तर पातेल्याच्या तळाशी बसलीये. मिस्टरांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. ३० ग्रॅम कच्च्या मूगडाळीत साधारण ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, पेला भर दुधात ८. पेज आणि नारळपाण्यात ते जवळजवळ नाहीच. एवढ्या कमी मिळकतीवर शरीर चरबीबरोबर स्नायूही खात बसतं, काट्यावर आकडा छान दिसतो आणि माणूस जिना चढताना बसकण मारतो.

मग करायचं काय, तर घट्ट मूगडाळ घोटून, वर चमचाभर तूप चालेल, फोडणीत मिरची नको. दही रात्री फडक्यात टांगून ठेवायचं, श्रीखंडाला करतो तसा चक्का, त्यात साखरेच्या ऐवजी मीठ-जिरं. अंडं खात असतील तर कमी तेलात ओलसर भुर्जी, मासे चालत असतील तर वाफवलेलं पापलेट, काटा हाताने चाचपून काढलेलं. लहान वाटी, चहाचा चमचा, तीन-चार चमचे झाले की थांबून बघायचं. प्रत्येक घास तोंडात लगदा होईपर्यंत चावायचा. प्रोटीन आधी, भाजी नंतर, भात-पोळीला जागा उरली तर. सुरुवातीला ८० ग्रॅम नुसत्या जेवणातून गाठता येत नाहीत, तेव्हा प्रोटीन पावडर घ्यावी लागते, तिला "जिमवाल्यांचं" म्हणून नाक मुरडू नका.

आणि जेवताना पाणी नाही, जेवण झाल्यावर अर्धा तासही नाही. नळी आधीच चिंचोळी, त्यात पाण्याने जागा भरली की डाळ बाहेर राहते किंवा उलटी होते.

सोमवारचं म्हणाल तर सर्जनने हो म्हटलं असेल तर जाऊ देत, पण ठाण्याहून सकाळची वाशी लोकल उभ्याने नको, एक-दोन तास उशिरा निघायची परवानगी काढा. डब्यात चक्का द्या. हो, आणि उलट्या थांबतच नसतील, ताप आला, पोटात कळ आली, छातीत धडधड थांबेना किंवा एका पायाला सूज आली तर माझ्या उत्तराची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : माझं बायपास (वजनासाठीचं, पोटाचं, हृदयाचं नाही) होऊन चार महिने झाले, वय २९. केस इतके गळतायत की आंघोळीनंतर जाळीत गोळा निघतो, आई म्हणते ऑपरेशनच करायला नको होतं. बायोटिनच्या गोळ्या मागवल्यात, चालतील? आणि लग्नाला तीन वर्षं झालीत, बाळाचा विचार आता करू का? – नेरुळ

उत्तर : गोळा बघून छातीत धस्स होतंच, पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हे खूप जणींना होतं. ऑपरेशनचा धक्का आणि भराभर वजन उतरणं ह्यामुळे बरेचसे केस एकदम झोपायला जातात आणि काही महिन्यांनी एकत्र गळतात. मुळं जिवंत असतात, सहसा सहा महिने ते वर्षभरात भरून येतात. पण प्रोटीन कमी पडत असेल किंवा लोह खाली गेलं असेल तर ही गळती लांबते, म्हणून फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या आणि जेवण लिहून काढा, खरोखर काय पोटात गेलं ते, काय जायला हवं होतं ते नाही. बायोटिनची कमतरता नसेल तर त्याने फारसा फरक पडत नाही, उलट थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये आकडे चुकीचे दाखवू शकतं, म्हणून घेतच असाल तर रक्त देण्याआधी लॅबवाल्यांना सांगा.

बाळासाठी १२ ते १८ महिने थांबा, वजन एका जागी स्थिरावू द्या. गंमत अशी की वजन उतरलं की पाळी सुधारते आणि आधी राहत नसलेलं राहतं, बेसावध असताना. त्यात बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी अंगात नीट शोषली जाईल ह्याची खात्री नसते, तेव्हा दुसरा कुठला उपाय ते तुमच्या गायनॅकशी बोला. आईला सांगा केस परत येतात.

प्रश्न : गौरी-गणपतीत वहिनीने आग्रह केला म्हणून दोन उकडीचे मोदक खाल्ले. वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, आडवाच झालो. सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. बायपास होऊन आठ महिने झालेत. हे काय होतं? – वाशी

उत्तर : दादा, ह्याला डम्पिंग म्हणतात. आपल्या पोटाला खाली एक दरवाजा असतो, तो अन्न थोडं थोडं आतड्यात सोडतो. बायपासमध्ये तो वाटेतच येत नाही, त्यामुळे गूळ-खोबऱ्याचं सारण थेट लहान आतड्यात जाऊन पडतं, एवढा गोडवा पातळ करायला शरीर पाणी तिकडे ओढतं, म्हणून घाम, धडधड, मुरडा. आणखी एक प्रकार असतो, खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी, त्यात इन्सुलिन जास्त सुटतं आणि शुगर घसरते, हात थरथरतात, डोकं गरगरतं. असं वारंवार होत असेल तर त्या क्षणी ग्लुकोमीटरवर आकडा बघून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तुमच्या बाबतीत पहिलाच प्रकार दिसतोय, पण छातीत दुखलं होतं का ते खरं सांगा, दुखलं असेल तर ईसीजी काढलेला बरा, मोदकावर ढकलून मोकळं होऊ नका.

पुढच्या वर्षी अर्धा मोदक, तोही जेवणाच्या शेवटी, डाळ-पनीर पोटात गेल्यावर. वहिनींना आधीच सांगून ठेवा, ताटात दुसरा पडल्यावर नाही म्हणणं आपल्याकडे कोणाला जमलंय?

प्रश्न : थर्टीफर्स्टला येऊरला ग्रुप जातोय, एक पेग चालेल ना? सहा महिने झालेत. – घोडबंदर रोड

उत्तर : नाही. ह्या ऑपरेशनांनंतर दारू पटकन आणि जास्त चढते, पूर्वीच्या एका पेगचा हिशोब आता लागू नाही, आणि येऊरहून खाली गाडी कोण चालवणार आहे? दुसऱ्या दिवशी डोकं धरलं म्हणून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक पण घेऊ नका, बायपासमध्ये पोट आणि आतडं जोडतात त्या जागी अल्सर होतात.

प्रश्न : स्लीव्ह होऊन अडीच वर्षं झाली, ४० किलो कमी झाले, एकदम मस्त वाटत होतं म्हणून गोळ्या वर्षभरापूर्वी बंद केल्या. शाकाहारी आहे. दोन महिने पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात, उपवनला चालायला जातो तर पाय जमिनीवर नीट पडतोय असं वाटत नाही. साखर नॉर्मल आहे. – वर्तकनगर

उत्तर : मला सगळ्यात जास्त काळजी तुमची वाटतेय, त्या मोदकवाल्या दादांपेक्षा कितीतरी जास्त. हे बी-१२ व्हिटॅमिन कमी पडल्याचं असू शकतं. बी-१२ शोषून घ्यायला पोटातलं आम्ल आणि तिथेच तयार होणारं एक प्रोटीन लागतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तो भाग बराचसा कापला जातो. त्यात शाकाहार, म्हणजे दूध-दही सोडून बी-१२ येणार कुठून. लिव्हरमध्ये साठा असतो तो बराच काळ पुरतो, म्हणून गोळ्या सोडल्या तरी लगेच काहीच होत नाही, माणसाला वाटतं बघा, उगाच घेत होतो. साठा संपला की मग नसा बोलायला लागतात, आणि त्यांना फार दिवस ताटकळत ठेवलं तर झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

ह्या गोळ्या कोर्स नाहीयेत, चष्म्यासारख्या आहेत. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, कॅल्शियम, लोह, तुमच्या रिपोर्टप्रमाणे डोस ठरतो. कॅल्शियम सायट्रेटवालं घ्या कारण त्याला आम्लाची गरज पडत नाही, आणि लोहाच्या गोळीपासून ते दोन तास लांब ठेवा. लोह चहाबरोबर तर अजिबात नको, सकाळी चहाच्या कपाशेजारी गोळी ठेवायची सवय अर्ध्या ठाण्याला आहे. आणि कोणी फोलिक ॲसिड घ्या म्हणालं तर बी-१२ चा रिपोर्ट येईपर्यंत एकटं घेऊ नका, रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा मागच्या मागे बिघडत राहतात.

उद्या सकाळी रक्त द्या, बी-१२, सीबीसी, फेरिटिन, डी, आणि त्याच दिवशी सर्जनला किंवा न्यूरोला दाखवा, बहुधा इंजेक्शनं सुरू करतील. तोवर उपवनला एकट्याने चालायला जाऊ नका, तळ्याच्या काठाला तर नाहीच.