क्यू आला, यू नाही!

प्रश्न : मुलगी स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ) खेळते. हाती क्यू आला आणि यू नसला की डाव अडतो. क्यू असलेले, पण त्यापुढे यू नसलेले शब्द शोधायचे कसे? – एक वाचक, निपाणी

उत्तर : अडणारच. इंग्रजीत क्यूपुढे बहुधा यू लागतोच. १०० सोंगट्यांत क्यू १, यू फक्त ४. पण क्यूचे गुण १०! आधी ‘क्यू-आय’ पाठ करू द्या. चिनी प्राणशक्ती असा अर्थ, गुण ११. पटावर मोकळा आय बहुधा सापडतोच. मग ‘क्यू-ए-टी’, म्हणजे येमेनकडे चघळतात तो पाला.

पुढचे तर आपल्या बाजारातलेच शब्द. फकीर : एफ-ए-क्यू-आय-आर. तलाक : टी-ए-एल-ए-क्यू. कव्वाली : क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, हातातली सातही अक्षरं एका खेळीत लागली तर वर ५० गुण.

संगणकावर शब्दयादी गाळताना हमखास चूक होते. ‘क्यू हवा, यू नको’ अशी अट घातली की बुरखा गळतो. बी-यू-आर-क्यू-ए, यू आहे, पण क्यूच्या आधी. अट ‘क्यूनंतर लगेच यू नको’ अशी हवी. त्यातही ‘क्यू आणि पुढे यूखेरीज कोणतंही अक्षर’ असं लिहिलंत तर तलाक निसटतो, कारण तिथे क्यूपुढे अक्षरच नाही. म्हणून क्यूने संपणारे शब्द वेगळे शोधा, दोन्ही याद्या जोडा.

आणि स्पर्धेला कोणती यादी धरतात ते आधी विचारा. अमेरिकी यादी आणि कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशवाल्यांची यादी एक नाही.