पाच कामं सोडून एक नोकरी धरू का?

डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४१. डबिंग आणि व्हॉइसओव्हर, मराठी सबटायटलं, ऑडिओबुकचं वाचन, समारंभांचं सूत्रसंचालन आणि सुट्टीत मुलांची वाचिक अभिनयाची शिबिरं अशी पाच कामं त्या एकटीने सांभाळतात. त्यांचेच शब्द देतो: "सकाळी कार्टूनमधल्या खारीचा आवाज, दुपारी बँकेची जाहिरात, परतीच्या गाडीत सबटायटलं तपासणं आणि रात्री ठाण्याला कुणाच्या तरी साठीशांतीचं सूत्रसंचालन. जीव दमतो, पण कंटाळा म्हणून कधी आला नाही." आता अंधेरीच्या एका ई-लर्निंग कंपनीने त्यांना नोकरी देऊ केली आहे, सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्यांच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, १३ लाख ८० हजार. मिस्टर म्हणतात, मजेवर गृहकर्जाचा हप्ता फिटत नाही. ताईंचा प्रश्न असा: "मुलगा नववीत आहे. या वयात आवडीचं धरून बसणं पोरकटपणा आहे का?"

ताई, पोरकटपणाचा निवाडा माझ्या कामात बसत नाही. त्या आवडीपायी दरमहा किती रुपये सोडता आहात, तेवढं मात्र मांडून दाखवता येतं. तुम्ही पैशांबरोबर तासांचीही नोंद ठेवलीत, हे फार बरं केलंत. पाच-पाच कामं करणाऱ्या बहुतेकांकडे बँकेच्या पासबुकापलीकडे काही नसतं.

आधी नोकरीचा आकडा बघू. तुम्ही लिहिलंय की सीटीसी भागिले बारा केलं की महिना १ लाख १५ हजार होतात. तेवढे हातात यायचे नाहीत. ऑफर लेटरमध्ये मूळ पगार सीटीसीच्या निम्मा आहे, म्हणजे वर्षाला ६ लाख ९० हजार. त्यावर १२ टक्के कंपनीचा पीएफ, ८२,८००, हाही सीटीसीतच धरलाय. ग्रॅच्युइटीचे साधारण ३३,२०० पण त्यातच. शिवाय १ लाख २० हजार 'व्हेरिएबल', जे वर्षअखेरीस साहेबांच्या आणि बाजाराच्या मर्जीवर. उरले ११ लाख ४४ हजार. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ८२,८०० आणि व्यवसाय कराचे २,५०० गेले की वर्षाला १० लाख ५८ हजार ७००, म्हणजे महिन्याला ८८ हजारांच्या आसपास. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या आत राहतं, त्यामुळे आयकर शून्य. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तरी शून्यच, पण अगदी काठावर.

आता तुमचं सध्याचं. गेल्या वर्षी जमा १३ लाख ४० हजार, खर्च २ लाख ३० हजार, निव्वळ ११ लाख १० हजार. इथेही नव्या करप्रणालीत कर नाही. नोकरीच्या बाजूला हातात येणारा पगार आणि दोन्हीकडचा मिळून १ लाख ६५ हजार ६०० पीएफ धरला, तर १२ लाख २४ हजार होतात. त्यातून डोंबिवली ते घाटकोपर पास, पुढे मेट्रो आणि दोन्ही टोकांची रिक्षा असे वर्षाला ४८ हजार वजा करा. तुमच्या खर्चात प्रवास आधीच धरलेला आहे. फरक उरतो तो वर्षाला ६६ हजारांचा, महिन्याला साधारण साडेपाच हजार. व्हेरिएबल दरवर्षी पुरेपूर मिळेल असं मानलं तर साडेपंधरा हजार.

ही झाली तुमच्या आवडीची किंमत. मिस्टरांना वाटते तेवढी ती मोठी नाही, पण फुकटही नाही. आणि तासांचं काय? तुमच्या डायरीप्रमाणे प्रवास धरून तुम्ही आठवड्याला सरासरी ५२ तास कामात असता. नोकरीत पाच दिवस नऊ तास आणि रोज जाऊन-येऊन साडेतीन तास, म्हणजे ६२ च्या वर. शिवाय त्या लेटरच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही: कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय बाहेरचं कुठलंही काम करायचं नाही. म्हणजे नोकरी धरून शनिवारी सूत्रसंचालन आणि मे महिन्यात शिबिर, हा तुमचा मनातला बेत त्या कागदावर बसत नाही.

पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. कामाचं वर्णन आलं की तुमची लेखणी धावते, आणि चिडचिड दिसते ती फक्त दोन ठिकाणी: जूनमध्ये क्रेडिट कार्डाचं ४० हजारांचं बिल पूर्ण भरता आलं नाही तिथे, आणि सबटायटलवाल्या एजन्सीने नव्वद-नव्वद दिवस पैसे अडकवले तिथे. दोन्ही दुखणी पैसा वेळेवर हातात नसण्याची आहेत. ऑक्टोबरमध्ये १ लाख ९० हजार आले, जूनमध्ये २८ हजार, आणि घरखर्च दोन्ही महिन्यांत तोच. याला नोकरी हा एक इलाज आहे, पण तो एकमेव नाही.

तासांवरून थोडं गणित केलं. सबटायटलांचे ३ लाख ९० हजार मिळवायला तुम्ही १,३०० तास दिलेत, म्हणजे तासाला ३००. डबिंगचे ६ लाख १० हजार प्रवासासकट ८५० तासांत, तासाला सातशेच्या वर. सूत्रसंचालन आठशेच्या वर, ऑडिओबुक साडेचारशे. आणि ज्याला मिस्टर 'समाजसेवा' म्हणतात ते शिबिर? १२० तासांत ७० हजार, तासाला ५८० रुपये, तेही घरापासून दहा मिनिटांवर. हा आकडा त्यांना जेवताना जरूर सांगा.

तर वेळ खाणारं, रात्री जागवणारं आणि पैसे सर्वांत उशिरा देणारं काम एकच, आणि तेच तुम्हाला सर्वांत कमी आवडतं. सबटायटलांतले २ लाख ६० हजार त्या एकाच एजन्सीकडून येतात आणि आजही १ लाख ८५ हजार तिच्याकडे थकलेत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं २००६ च्या एमएसएमई कायद्याने बंधनकारक आहे. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तुम्ही तक्रार घेऊन जाणार नाही हे मला ठाऊक आहे. या धंद्यात कुणी जात नाही, पुढचं काम बंद होईल ही भीती असते. पण मुदत उलटून ३१ मार्चपर्यंत पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षी समोरच्याला तो खर्च म्हणून दाखवता येत नाही, हे त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला दिसला की पुष्कळदा फाइल आपोआप वर येते. त्यांना सरळ लिहा: यापुढे ४५ दिवस, आणि रात्रीत करून द्यायचं असेल तर ३० टक्के जास्त.

समजा, ती एजन्सी गेली. तुमचं निव्वळ उत्पन्न ८ लाख ५० हजारांवर येईल, महिन्याला ७० हजारांच्या वर. घरखर्चात तुमचा वाटा ५८ हजार आहे, तेव्हा घर चालेल, बचत आटेल. दुसरी भीती तुम्ही लिहिलीच आहे: यंत्राने बनवलेले आवाज. ती खोटी नाही. जाहिरातींचे आणि ट्रेनिंग व्हिडिओंचे साधे आवाज आधी जातील, असा माझा अंदाज आहे, आणि ई-लर्निंग कंपनीतली नोकरी त्या वाऱ्याच्या आड येत नाही, उलट तोंडावर आहे. डबिंग निम्मं झालं आणि एजन्सीही गेली असं दोन्ही एकदम धरू. मग महिन्याला ४५ हजार उरतील, साडेबारा-तेरा हजारांची तूट येईल. पाच कामं असण्याचा उपयोग इथे दिसतो, एकाचं दार बंद झालं तरी चूल पेटती राहते. बाय द वे, स्टुडिओत सही करताना 'आवाजाचे सर्व प्रकारचे हक्क कायमचे' अशी ओळ दिसली तर तिथेच थांबा आणि विचारा.

आता पैशांची मांडणी. व्यवसायासाठी वेगळं बचत खातं उघडा आणि सगळी बिलं त्यातच जमा होऊ द्या. दर महिन्याच्या एक तारखेला त्यातून ६० हजार घरखर्चाच्या खात्यात वळते करा, ऑक्टोबर असो की जून. तो तुमचा पगार. चांगल्या महिन्यात वरकड तिथेच पडून राहू द्या, नवा माइक घ्यायची हुक्की आली तरी.

या खात्याच्या पाठीशी मी नऊ महिन्यांचा पगार ठेवायला सांगतो, नोकरदाराला सहा पुरतात. म्हणजे ५ लाख ४० हजार. तुमच्याकडे बचत खात्यात १ लाख ४० हजार आहेत, पतपेढीत दोन लाखांची ठेव आहे, एजन्सीकडे १ लाख ८५ हजार आहेत. बेरीज ५ लाख २५ हजार. म्हणजे रक्कम जवळपास जमलेली आहे, फक्त नको तिथे अडकून बसली आहे. जूनमध्ये पतपेढीतली ठेव मोडायची नाही म्हणून तुम्ही कार्डाची थकबाकी पुढे ढकललीत. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, पतपेढी वर्षाला नऊ देते. आणि पतपेढीच्या ठेवीला ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षण नसतं, ते बँकांच्या ठेवींना असतं. जानेवारीत मुदत संपली की ती बँकेत आणा, ऑटो-स्वीपवाल्या खात्यात, जिथे वरची रक्कम आपोआप ठेवीत जाते.

टीडीएसचंही तेच. बिलातून आधीच कापून गेलेले दहा टक्के कराचे पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात आणि तुम्ही त्याला 'गणपतीचा बोनस' म्हणता. तो तुमचाच पगार आहे, सरकारकडे पडून राहिलेला. आला की थेट या निधीत टाका. तुमचा कर शून्यच निघत असेल तर कमी टीडीएसचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून वर्षाच्या सुरुवातीलाच मागता येतं, सीएला विचारा. निम्म्या जमेला उत्पन्न मानण्याची अनुमानित योजना तुमच्या कामाला लागू होते का, हेही त्यांनाच विचारा. पात्र व्यवसायांची यादी ठरलेली आहे आणि त्यात तुमची सगळी कामं बसतीलच असं नाही.

एका बाबतीत मात्र मी मिस्टरांच्या बाजूचा आहे. नोकरीत महिन्याला १३,८०० रुपये पीएफमध्ये तुम्हाला न विचारता जमा झाले असते. सध्याचा ८.२५ टक्के दर तसाच राहिला, तर ५८ व्या वर्षी त्याचे ६० लाखांच्या आसपास होतात. पगार वाढला तर जास्त. आज तुमच्या नावावर निवृत्तीसाठी काय आहे? एक पीपीएफ खातं, ज्यात गेली तीन वर्षं फक्त किमान ५०० रुपये भरलेत. नोकरी नको म्हणायची असेल तर हे १३,८०० तुम्हालाच बाजूला काढावे लागतील. पीपीएफ तुमच्यासारख्यांना सोयीचं आहे, वर्षाला दीड लाखांपर्यंत कधीही, कितीही भरता येतं. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरलं की त्या महिन्याचं व्याज मिळतं. सगळं तिथेच नको, पाच हजारांची इंडेक्स फंडाची एसआयपी ठेवा, उरलेलं पीपीएफमध्ये. हे जमणार नसेल तर नोकरी घ्या, मी आग्रहाने सांगेन.

आजारपणाचं थोडक्यात. मिस्टरांच्या कंपनीचा तीन लाखांचा विमा त्यांच्या नोकरीबरोबर जाईल. तिघांचा स्वतःचा दहा लाखांचा फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य विमा, आत्ताच घ्या. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून घाई. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. गृहकर्ज दोघांच्या नावावर आहे, म्हणून तुमचाही एक कोटीचा टर्म विमा हवा. घसा बसून दोन आठवडे रेकॉर्डिंग बुडालं तर मात्र त्याची भरपाई कुठलीही साधी पॉलिसी देत नाही. त्यासाठीच ते नऊ महिने.

माझं मत: या आकड्याला ही नोकरी घेऊ नका. निधी तीन महिन्यांच्या, म्हणजे १ लाख ८० हजारांच्या खाली गेला किंवा दोन तिमाही लागोपाठ स्वतःला ६० हजार देता आले नाहीत, तर मात्र आवडीचं नाव न काढता नोकरी शोधायला लागा. हे दोन आकडे दोघांनी मिळून आजच कुठेतरी लिहून ठेवा, म्हणजे दर जूनला तोच वाद नको.

कंपनीला थेट नकार मात्र देऊ नका. त्यांना तुमचा आवाज आणि अनुभव हवा आहे. महिन्याला आठ दिवस, कन्सल्टंट म्हणून, दिवसाला ६ हजार असा प्रस्ताव द्या. ४८ हजार होतात, त्यांच्या सीटीसीच्या रोजच्या हिशेबाच्या जवळपासच. हो म्हणाले तर एजन्सीचं रात्रीचं काम बिनधास्त सोडा. एकूण जमा तरीही २० लाखांच्या, म्हणजे जीएसटीच्या मर्यादेच्या आत राहील, पण निव्वळ उत्पन्न १२ लाखांच्या पुढे गेल्यामुळे आयकर लागेल आणि अॅडव्हान्स टॅक्सच्या तारखा पाळाव्या लागतील. नाही म्हणाले तर तुम्ही आज आहात तिथेच आहात. उत्तर द्यायची मुदत सोमवारची आहे म्हणालात. ई-मेल शुक्रवारी दुपारच्या आत पाठवा, म्हणजे त्यांना आपसात बोलायला वेळ मिळेल.